हरवलेल्या तबकडीचा माग



जुन्या नाण्यांचा नाद असलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. मला नाद आहे तबकड्यांचा, आणि त्यांतही जरा विचित्र प्रकारच्या. जिथे तार नाही, चामडे नाही, फुंकर नाही, नुसत्या विजेच्या कंपनातून सूर उठवलेला आहे, अशा संगीताच्या. याला इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणतात. या संगीताच्या कित्येक तबकड्या एकदाच निघाल्या, थोड्याफार खपल्या आणि पुन्हा कधी छापल्या गेल्या नाहीत. त्यांच्या मागावर हिंडणारे शौकीन जगभर आहेत. त्यांच्यापैकी एकाच्या शोधाची हकिगत आज सांगणार आहे, कारण ती तबकडी तयार झाली आपल्या मुंबईत.

१९८२ साली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने चरणजीत सिंग यांची एक लाँगप्ले तबकडी काढली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाचा अर्थ एवढाच, की डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग. भैरवी, ललत, भूप, तोडी, मधुवंती एका बाजूला. मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी दुसऱ्या बाजूला. सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले वादक. चित्रपटात गाणाऱ्याचे नाव होते, चाल लावणाऱ्याचे होते. मागे मंद्र सुरांची गिटार कोण वाजवत होतं, हे कोण विचारतो? पण या माणसाने राहुलदेव बर्मन, शंकर-जयकिशन अशांच्याकडे वाजवलेले होते. त्या वर्षी चित्रपटांत जिकडेतिकडे डिस्को चालला होता. तेव्हा तबला बाजूला ठेवावा आणि त्या ठेक्यावर राग वाजवून पाहावेत, असे मनात आले, हे त्यांनीच पुढे सांगितले आहे.

त्यांच्यापाशी जपानच्या रोलंड कंपनीची तीन यंत्रे होती. ठेक्याला टीआर-८०८, स्वरपट्ट्यांचे ज्युपिटर-८ आणि खर्जाच्या सुरांसाठी टीबी-३०३. या शेवटच्या यंत्राची गोष्ट गमतीची आहे. गिटार शिकणाऱ्या एकट्या माणसाला घरबसल्या साथ मिळावी म्हणून ते काढलेले. साथीला ते काही कुणाला पटले नाही. १९८४ साली कंपनीने त्याचे उत्पादनच थांबवले. पण त्यात दोन गुण होते. एक, ते एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाते. आपल्या कानाला ती मिंडेची आठवण. दुसरा, त्याची एक कळ फिरवली की तोच सूर कधी दबका, कधी टोकदार होतो. जत्रेतला कर्णा वारा फिरला की एकदम जवळ येतो आणि पुन्हा दूर जातो ना, तसं काहीसं. अमेरिकेत शिकागो शहरातल्या तरुणांनी हीच टाकून दिलेली यंत्रे जुन्या बाजारातून स्वस्तात उचलली आणि त्यांतून ‘ॲसिड हाउस’ नावाचे नृत्यसंगीत निर्माण केले. फ्युचर या मंडळींची त्या धर्तीची गाजलेली तबकडी निघाली १९८७ साली.

म्हणजे मुंबईची तबकडी पाच वर्षे आधीची. पण तिची दखल घ्यायला कोणी नव्हते. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला तो पोरखेळ वाटावा आणि नाचणाऱ्याला त्यात गाणे सापडू नये. खप बेताचाच झाला. त्यात तो काळ कॅसेटचा. घरोघरी टेपरेकॉर्डर आले आणि तबकडी वाजवण्याचे यंत्र माळ्यावर गेले. जी तबकडी खपत नाही तिच्या नव्या प्रती कारखाना कशाला काढील? राहिलेल्या प्रती पावसाळ्याची ओल खात पडतात, वेष्टनाला बुरशी येते आणि एक दिवस रद्दीच्या गाडीवर चढतात.

आता शोधाकडे येतो. एडो बाउमन नावाचे एक डच संग्राहक जुन्या हिंदी चित्रपटसंगीताच्या तबकड्या शोधायला हिंदुस्थानात येत असत. २००२ साली दिल्लीच्या एका दुकानात त्यांच्या हाती ही तबकडी लागली. मुक्कामावर जाऊन त्यांनी ती जवळच्या लहान यंत्रावर लावली आणि ते थक्क झाले. इथे माझ्यासारखा साधा शौकीन काय करील? तबकडी कपाटात ठेवील आणि चार मित्रांना हेवा वाटायला लावील. खरं सांगायचं तर या नादातला अर्धा आनंद तोच असतो. बाउमन यांनी पुढची पायरी गाठली. ते मुंबईला जाऊन खुद्द चरणजीत सिंगांना भेटले, आणि २०१० साली आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या संस्थेतर्फे ती तबकडी पुन्हा काढली.

मग एकच गवगवा झाला. काहींना ही थट्टाच वाटली. कोणीतरी आजकाल बनवून जुने साल चिकटवले आहे म्हणाले. अशा वेळी जुन्या प्रतीची किंमत कळते. तबकडीच्या मधोमध कागदी लेबल असते, त्यावर कंपनीचा क्रमांक असतो. शेवटची चकरी संपल्यावर लेबलापर्यंत जी कोरी जागा उरते, तिथे बारीक अक्षरांत साच्याचा क्रमांक कोरलेला असतो. प्रकाशात तिरपी धरली की दिसतो. खरेदी करणारा जाणकार आधी ही जागा वाचतो, वेष्टनावरचे चित्र नंतर बघतो. नवी आवृत्ती आणि जुनी प्रत वरून सारखी दिसली तरी इथे पितळ उघडे पडते.

दुसरीकडे, ॲसिड हाउसचा शोध मुंबईतच लागला असे उत्साहाने लिहिणारेही निघाले. मला हे पटत नाही. शिकागोच्या त्या पोरांनी ही तबकडी ऐकली होती याला काही आधार नाही. यंत्र एकच, म्हणून आवाजात साम्य. एकाच कुंभाराच्या मातीचा कोणी रांजण करतो, कोणी पणती. सिंगांना हवा होता राग. आरोह-अवरोह सांभाळून, पकड दाखवून त्यांनी तो मांडला आहे. यमन ऐका, आपल्याकडच्या गायनवर्गातल्या मुलालाही तो ओळखू येईल. त्यांचे मोठेपण ठरवायला शिकागोच्या कुबडीची गरज नाही.

या साऱ्याचा एक परिणाम मात्र फार चांगला झाला. जन्मभर इतरांच्या मागे बसून वाजवणारा हा वादक सत्तरी ओलांडल्यावर युरोपात जाऊन आपलेच राग वाजवू लागला, आणि नातवंडांच्या वयाची मुले त्यावर नाचली. २०१५ च्या जुलैत मुंबईत त्यांचे निधन झाले. बाउमन आणखी दहा वर्षांनी दिल्लीला आले असते तर?

सगळेच संगीत तबकडीपर्यंत पोचते असेही नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून दिला. त्यावर गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा आदींनी प्रयोग केले. त्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पर्गस या इंग्लंडमधल्या संगीतकाराने २०१७ साली त्या हुडकल्या आणि २०२३ साली त्यांतल्या निवडक रचना प्रथमच तबकडीवर आल्या. त्या उभ्या राहिल्या याचे श्रेय शोधणाऱ्याइतकेच, ज्यांनी त्या फेकल्या नाहीत त्यांनाही आहे.

पुष्कळ शाळांच्या कपाटांतून जुन्या तबकड्या आणि फिती असतात. हाताळण्याआधी खोक्यावरचा मजकूर आणि लेबलावरचा क्रमांक वहीत उतरून घ्यावा. खोके फाटते, लेबल निघते. तबकड्या आडव्या रचू नयेत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून दूर. फितीवर बुरशी दिसली तर ती यंत्रावर मुळीच चढवू नये. आधी जाणत्या माणसाला दाखवावी. आणि प्रती काढून वाटायचा विचार असेल तर ध्यानात असावे, की आपल्या कायद्याने ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढल्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. सिंगांच्या १९८२ च्या तबकडीवरचा हक्क २०४२ अखेरपर्यंत आहे.