२९९ मधले ४५ रुपये

(बाळकुम येथे तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मी अर्थतज्ज्ञ नाही. इथेच बाळकुमला माझं आधी एसटीडी-पीसीओचं दुकान होतं, मग रिचार्जचं. आता दुकानदारांचे जीएसटी रिटर्न भरतो. फोनवरचा कर गोळा होताना मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिलाय, एवढंच माझं शिक्षण.

मागच्या पावसाळ्यात तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन आम्ही चौघे एका कार्यालयात गेलो. तिथले एक साहेब हसत म्हणाले, "तुमच्या वस्तीतून टॅक्स येतो तरी किती?" आमच्यातला वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा मान खाली घालून उभा राहिला. आपण टॅक्स भरत नाही, असं त्याला खरंच वाटत होतं. आजचं बोलणं त्याच्यासाठी आहे.

दहा रुपयांचं टॉपअप मारलं की टॉकटाइम किती मिळतो? सात रुपये सत्तेचाळीस पैसे. एक रुपया प्रोसेसिंग फी आणि एक रुपया त्रेपन्न पैसे जीएसटी. २९९ चा पॅक घेतलात तर त्यात १८ टक्क्यांच्या हिशोबाने ४५ रुपये ६१ पैसे कर असतो. वर्षभर दर २८ दिवसांनी असे तेरा पॅक मारले, तर एका सिमचे जवळपास ५९३ रुपये होतात. घरात चार सिम असतील तर गुणाकार तुम्हीच करा.

हा कर आला कसा? १ जुलै १९९४ ला, मनमोहन सिंग अर्थमंत्री असताना, देशात सेवाकर सुरू झाला. तीनच सेवांवर: टेलिफोन, शेअर दलाली आणि सर्वसाधारण विमा. दर ५ टक्के. टेलिफोन निवडणं सोयीचं होतं, कारण बिल आधीच छापलं जात होतं. त्यात एक ओळ वाढवली की झालं, वसुलीला वेगळा माणूस नको. पहिल्या वर्षी ४०७ कोटी आले. २०१६-१७ पर्यंत शंभराहून जास्त सेवा त्यात आल्या, दर १५ टक्क्यांवर गेला आणि सेवाकराची रक्कम अडीच लाख कोटींच्या आसपास पोचली. १ जुलै २०१७ पासून तो जीएसटीत गेला.

पण सरकारची फोनमधली कमाई एवढीच नाही. लायसन्स फी आहे, स्पेक्ट्रमचे लिलाव आहेत. आणि खरी गंमत तिथे आहे.

मोबाइल १९९५ मध्ये आला. कंपन्यांनी लायसन्ससाठी भरमसाठ ठरावीक फी कबूल केली आणि मग ती भरता येईना. कॉल इतका महाग की इनकमिंगलाही पैसे. आपण काय केलं? मिस्ड कॉल. एक वाजला तर पोचलो, दोन वाजले तर खाली ये. मिस्ड कॉलवर ना कंपनीला पैसा, ना सरकारला. १९९९ च्या दूरसंचार धोरणाने ठरावीक फी काढली आणि कंपनीच्या उत्पन्नात वाटा घ्यायला सुरुवात केली. तिजोरी लुटली, अशी ओरड झाली. त्या मार्चमध्ये देशात मोबाइल होते सुमारे १२ लाख. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. मार्च २०१० मध्ये मोबाइल ५८ कोटींच्या वर गेले, आणि त्याच वर्षी थ्रीजीच्या लिलावातून सरकारला ६७ हजार कोटींहून जास्त मिळाले. सुरुवातीला सोडलेला पैसा असा वळसा घालून परत आला.

पुढे पुन्हा हात आवळला. उत्पन्नात काय काय धरायचं, या वादाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१९ ला सरकारच्या बाजूने दिला. कंपन्यांवर दीड लाख कोटींच्या घरात बोजा आला. व्होडाफोन आयडियाला तो पेलेना, तेव्हा सरकारने थकबाकीचे शेअर्स करून घेतले. आज त्या कंपनीत सगळ्यात मोठा वाटा सरकारचाच आहे. दूध काढता काढता गायच गळ्यात पडली!

युगांडाने २०१८ मध्ये सोशल मीडिया वापरण्यावर रोजचा २०० शिलिंग कर लावला. लोकांनी व्हीपीएन टाकले, वसुली अंदाजाच्या खूपच खाली राहिली आणि २०२१ मध्ये तो कर काढून डेटावर १२ टक्के लावावे लागले. आपल्याकडे लोक असे पळत नाहीत, कारण १८ टक्के पॅकच्या किमतीतच असतात, दिसत नाहीत.

मला खुपतं ते वेगळंच. भिवंडीतल्या ज्या कारखानदाराकडे जीएसटी नंबर आहे, त्याला धंद्याच्या फोनवरचा कर स्वतःच्या देण्यातून वजा करता येतो. त्याच्याकडे माग चालवणाऱ्याला नाही. रिक्षावाल्याला नाही, धुणंभांडी करणाऱ्या खालालाही नाही. माझे गिऱ्हाईक दर महिन्याला ते क्रेडिट घेतात, मीच ते भरतो. कायद्याने बरोबर आहे. पण टॅक्स कोण भरतो, हे विचारणाऱ्या साहेबांना हे माहीत असायला हवं होतं.

४५ रुपयांतले निम्मे केंद्राचे, निम्मे महाराष्ट्राचे. महापालिकेचा थेट वाटा नाही. पूर्वी ठाण्याच्या वेशीवर जकात होती (आपल्या घरातली जकात वेगळी, शब्द मात्र तोच). २०१३ मध्ये ती गेली, एलबीटी आला, जीएसटीबरोबर तोही संपला. आता राज्य त्याबदली महापालिकेला भरपाईचं अनुदान देतं. म्हणजे आपल्या रिचार्जमधला पैसा मुंबईला जाऊन, फिरून, ठाण्यात येऊ शकतो. त्या गटारापर्यंत पोचतो का, हे महापालिकेच्या अर्थसंकल्पात शोधावं लागतं.

तेव्हा पुढच्या रविवारी प्रत्येकाने घरातल्या सगळ्या सिमच्या वर्षभराच्या रिचार्जची बेरीज करून आणा. ११८ ने भागा, १८ ने गुणा. अर्थसंकल्पाची प्रत मी आणतो. तो मुलगाही येणार आहे, साहेबांकडे परत जायची तारीख त्यालाच ठरवू द्या.