कपाटातला टॉर्क रेंच आणि कामगाराची मान
(राइट टाउन, जबलपूर येथे कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



राइट टाउनमध्ये आपण जमलो की महागाई भत्ता, बढती, ठेकेदारी यांवर बोलणे होते. आज आम्ही एका हत्याराविषयी बोलणार आहोत. काहींना वाटेल, हा टूलरूमचा विषय, युनियनचा नव्हे. तो युनियनचा कसा आहे, हेच आम्हाला सांगायचे आहे.

आपले जबलपूर हे नट-बोल्टवर जगणारे गाव आहे. १९०४ सालची गन कॅरेज फॅक्टरी आणि १९६९ सालची व्हेइकल फॅक्टरी यांच्या भोवती इथल्या वस्त्या वाढल्या. शक्तिमान, जोंगा, निसान या गाड्या इथल्या हातांनी जोडल्या. गाडीच्या चाकाचा नट असो की इंजिनच्या हेडचा बोल्ट, तो किती आवळायचा याचा आकडा ठरलेला असतो, आणि तो आकडा हाताला सांगतो टॉर्क रेंच.

रोजच्या वापरातल्या रेंचकडे सगळ्यांचे लक्ष असते. प्रश्न आहे तो वर्षातून एकदा-दोनदा निघणाऱ्या मोठ्या रेंचचा. तो पेटीत असतो, रंग उडालेला नसतो, म्हणून आपण समजतो की तो नव्यासारखा आहे. ही समजूत चुकीची आहे. न वापरलेले हत्यार बिनचूक असतेच असे नाही.

आम्ही पूर्वी एका दुरुस्ती कारखान्यात होतो, तिथली गोष्ट. मोठे इंजिन बांधायचे होते. कपाटातला रेंच काढला, आकडा लावला, खटका ऐकून एकेक बोल्ट आवळला. थोड्याच दिवसांत हेड गॅस्केटमधून गळती सुरू झाली. फिटरला मेमो मिळाला, ‘काम निष्काळजीपणे केले’. युनियनने आग्रह धरला तेव्हा रेंच तपासायला गेला आणि कळले की तो लावलेल्या आकड्याच्या बराच आधी खटका देत होता. मागच्या कामानंतर कोणीतरी तो वरच्या आकड्यावरच ठेवून पेटी बंद केली होती. मेमो मागे घेतला गेला. पण तपासणीचा आग्रह धरला नसता तर तो त्या फिटरच्या सेवापुस्तकात कायम राहिला असता.

असे का होते? खटक्याच्या रेंचमध्ये दाबलेली स्प्रिंग असते. ती महिनोन् महिने ताणाखाली राहिली तर थकते; मग खटका लवकर पडतो आणि बोल्ट ढिला राहतो. उलट, आतले ग्रीस सुकले किंवा गंज धरला तर घर्षण वाढते, खटका उशिरा पडतो आणि बोल्ट जास्त ताणला जातो. दोन्ही वेळा कामगाराच्या हाताला काही कळत नाही. त्याने प्रामाणिकपणे खटक्यापर्यंतच आवळलेले असते.

म्हणून काही साध्या गोष्टी पाळाव्यात. काम झाले की रेंच पट्टीवरच्या सर्वांत खालच्या आकड्यावर आणावा. पण त्याखाली फिरवून मोकळा करू नये, आतले भाग जागचे सरकतात. पुसून, कोरड्या जागी, पेटीत ठेवावा. आपल्याकडचा पावसाळा लक्षात घेता लोखंडी कपाटात नुसता टाकून देणे म्हणजे गंजाला आमंत्रण. तो तेलात किंवा रॉकेलात बुडवू नये, आतले ग्रीस धुऊन जाते. त्याने गच्च बसलेला नट सोडवू नये आणि दांड्याला पाइप लावू नये. खाली पडला तर लपवू नये, तपासायला द्यावा. बऱ्याच दिवसांनी काढल्यावर आधी खालच्या आकड्यावर पाच-सहा वेळा खटका द्यावा, म्हणजे ग्रीस सगळीकडे पसरते.

तपासणी किती दिवसांनी? आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ६७८९ प्रमाणे, दुसरे काही ठरवलेले नसेल तर बारा महिने किंवा पाच हजार खटके, जे आधी येईल ते. आपल्या कपाटातल्या रेंचचे पाच हजार खटके कदाचित कधीच होणार नाहीत. त्याला बारा महिन्यांचीच अट लागू होते. दहा न्यूटन-मीटरच्या वरच्या खटक्याच्या रेंचला अधिक-उणे चार टक्क्यांची सूट आहे. त्याबाहेर गेला तर दुरुस्त होईपर्यंत बाजूला ठेवायचा.

दोन तपासण्यांच्या मध्ये शॉपमध्येही एक ढोबळ चाचणी करता येते. रेंच प्रयोगशाळेतून नुकताच तपासून आला की त्याचे चौकोनी टोक शिकंजात धरून दांडा आडवा ठेवा. टोकाच्या मध्यापासून अर्ध्या मीटरवर, मुठीच्या जागी, २० किलोचे वजन हळूच टांगा. हा १० किलो-मीटरचा, म्हणजे सुमारे ९८ न्यूटन-मीटरचा जोर झाला. रेंचचे स्वतःचे वजनही त्यात मिसळते, म्हणून नेमका आकडा यातून मिळत नाही आणि प्रमाणपत्राची जागा ही चाचणी घेऊ शकत नाही. पण खटका कोणत्या आकड्यावर पडला ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी तेच वजन, तेच अंतर ठेवून आकडा वेगळा आला, तर रेंच बदलला आहे हे नक्की.

आणखी एक इशारा. खटका म्हणजे सर्वस्व नव्हे. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच उड्डाणात निखळली आणि कप्तान अर्धा बाहेर ओढला गेला. सुदैवाने तो वाचला. काच बसवताना ९० पैकी ८४ बोल्ट किंचित कमी जाडीचे वापरले गेले होते. आटे घसरल्याचा झटका आणि हत्याराचा झटका यांत बसवणाऱ्याला फरक कळला नव्हता. रेंच फक्त फिरवण्याचा जोर सांगतो, आणि त्यातला मोठा भाग घर्षणातच जातो. आटे स्वच्छ हवेत, बोल्ट योग्य हवा, तेल लावायचे की नाही हे लेखी हवे, आणि आकडा किलो-मीटरचा की न्यूटन-मीटरचा हे पाहायला हवे.

मित्रहो, रेंच जपणे हे आपले कर्तव्य आहे, ते आपण नाकारत नाही. पण कर्तव्य एकतर्फी नसते. म्हणून आमच्या मागण्या अशा: प्रत्येक रेंचवर पुढच्या तपासणीची तारीख दिसावी, मग तो वर्षातून एकदाच निघो. तारीख उलटलेला रेंच स्टोअरने देऊ नये, आणि तो घेण्यास नकार देणाऱ्या कामगारावर कारवाई होऊ नये. तपासणीचा खर्च व्यवस्थापनाने करावा. आणि काम बिघडले तर कामगाराला मेमो देण्याआधी हत्यार तपासले जावे.

उद्या कामावर गेल्यावर आपल्या शॉपचे कपाट उघडा. शेवटची तपासणी कधी झाली, रेंच कोणत्या आकड्यावर ठेवला आहे, एवढे वहीत लिहा आणि खाली सही करा. प्रसंग आला तर तीच वही तुमच्या बाजूने साक्ष देईल.