रोप माना का टाकतं?

पावसाळा तोंडावर आला की मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं लावायची घाई सुरू होते. म्हणून आज रोपांबद्दलच बोलू या.

मागच्या वर्षी आमच्या बचत गटानं गादीवाफ्यावर मिरचीची रोपं तयार केली. लागवडीच्या दिवशी कोरड्या वाफ्यातून ती उपटली, मुळांची माती झटकली आणि सकाळी अकराच्या उन्हात लावायला घेतली. पाणी भरपूर दिलं. तरी दुपारपर्यंत रोपांनी माना टाकल्या, आठवड्यात निम्मी वाळून गेली. बियाण्याचे पैसे गेले, महिनाभराची मेहनत गेली. एवढं पाणी असून रोप तहानलेलं कसं, हाच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी.

याचं उत्तर रोपाच्या पेशींमध्ये आहे. आपल्या घरात चाळणीला भोकं असतात, सुपाला उतार असतो. जसं काम तशी घडण. झाडाच्या पेशींचंही तसंच.

मुळाच्या टोकाच्या जरा मागे पांढरी बारीक लव असते. तिला मूलरोम म्हणतात. त्यातला एकेक केस म्हणजे एकाच पेशीचं लांब बोट, मातीच्या कणांमध्ये शिरलेलं. त्याची भिंत पातळ, म्हणून पाणी सहज आत येतं. आणि केस असंख्य, म्हणून मातीला टेकणारी जागा खूप वाढते. किती? १९३७ साली अमेरिकेत हॉवर्ड डिटमर या शास्त्रज्ञानं राय नावाच्या, गव्हासारख्या धान्याच्या चार महिन्यांच्या एकाच रोपाचा हिशोब केला. मूलरोम भरले सुमारे १,४०० कोटी! ते सगळे पसरले तर जवळजवळ चार गुंठे जागा व्यापतील.

पण पातळ भिंत म्हणजे नाजूक भिंत. कोरड्या मातीतून रोप उपटलं की हे केस तुटतात. उरलेले वाऱ्या-उन्हात सुकतात. जाड मुळं हातात दिसतात, पण पाणी पिणारी तोंडंच मागे राहिलेली असतात.

मुळानं घेतलेलं पाणी वर नेणाऱ्या पेशी वेगळ्या. त्या एकावर एक रचलेल्या, आतून पोकळ, कडक भिंतींच्या असतात. काम सुरू करण्याआधी त्या चक्क मरतात, म्हणून आत अडथळा उरत नाही. नळीच तयार होते. पण खालून पाणीच आलं नाही, तर नळी काय करणार?

तिकडे पानावर बारीक छिद्रं असतात. प्रत्येक छिद्राला घेवड्याच्या दाण्यासारख्या दोन पेशी राखणीला असतात. त्या पाण्यानं फुगल्या की छिद्र उघडतं, सैल पडल्या की मिटतं. पाणी कमी पडलं की ही दारं बंद होतात. पाणी वाचतं, पण हवा आत येईना म्हणून पानात अन्न तयार होणंही थांबतं. म्हणून जगलेलं रोपही काही दिवस वाढत नाही.

मग करायचं काय? उपटण्याआधी वाफा चांगला भिजवा. रोप मातीसकट अलगद काढा. मुळं ओल्या गोणपाटात झाका. लागवड ऊन उतरल्यावर करा, म्हणजे रात्रभर रोपाला सावरायला वेळ मिळतो. लावल्यावर लगेच पाणी द्या. ट्रेमधलं रोप लवकर धरतं, कारण त्याची मुळं गड्ड्यासकट शाबूत येतात.

आणि रासायनिक खत मुळाला चिकटून टाकू नका. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना? तसंच जास्त खत मूलरोमांमधलं पाणी बाहेर ओढतं.

मूलरोम बघायचे असतील तर ताटलीत ओला कागद ठेवा, त्यावर मोहरीचे दहा दाणे टाका, वर वाटी पालथी घाला. तीन-चार दिवसांत मुळाभोवती पांढरी लव दिसेल. बुरशी समजून फेकू नका. मुलांना बोलावून दाखवा.

यंदा आम्ही ऊन उतरल्यावरच वाफ्यावर जाणार आहोत. तुम्हीही रोप हातात घ्याल तेव्हा न दिसणाऱ्या त्या केसांची आठवण ठेवा.