विस्मरण हा अपराध नव्हे
(ज्ञातिसंमेलनातील भाषण)



मानसशास्त्र हे केवळ मनोरुग्णांसाठी आहे, असा समज आपल्या घरांतून अद्याप आढळतो. वस्तुतः ते नित्याच्या व्यवहाराचेही शास्त्र होय. एकच उदाहरण देतो.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडिताने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून, किती काळाने किती विसरते हे मोजले व १८८५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. विस्मरण आरंभी अतिशय वेगाने होते, पुढे मंदावते. आणि एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा उजळणी अनेक दिवसांत विभागली असता श्रम वाचतात, असे त्यांस आढळले.

हे आमच्या वाचनात फार उशिरा आले. काल शिकविलेले आज आठवत नाही म्हणून आम्ही कित्येक मुलांस छड्या मारल्या, 'मठ्ठ' म्हटले. त्यांतील एकाने शाळाच सोडली. अपराध त्याचा नव्हता. उजळणी न घेणाऱ्या आमचा होता. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अशा शिक्षेस मनाई केली, हे योग्यच झाले.

पालकहो, मुलांचा पाठ दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, पुढे पंधरवड्याने पुन्हा विचारा. दिवेलागणीच्या परवचेतही उजळणीच होती. आणि जे तरुण शिक्षक, परिचारिका वा समुपदेशक होऊ इच्छितात, त्यांनी या शास्त्राचा अवश्य अभ्यास करावा. दोष देण्यापूर्वी कारण शोधावे, हा त्याचा पहिला धडा आम्ही शेवटी शिकलो. आपण आरंभीच शिकावा, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.