स्वदेशी नौका आणि कारागिरांचे हात

(नवी मुंबई येथील व्याख्यानाचा मजकूर)



१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत पंतप्रधानांच्या हस्ते तीन नौका राष्ट्राला अर्पण झाल्या. ‘सुरत’ ही विनाशिका, ‘निलगिरी’ ही फ्रिगेट आणि ‘वाघशीर’ ही पाणबुडी. तिन्ही माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या. त्याच दिवशी पंतप्रधान खाडी ओलांडून खारघरला आले आणि तेथे एका मंदिराचे उद्घाटन झाले. दुसऱ्या दिवशी, १६ जानेवारीला, उरण तालुक्यातील दास्तान फाट्याच्या हुतात्म्यांचा स्मृतिदिन होता. १९८४ साली दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकरी आपल्या जमिनींचा न्याय्य मोबदला मागत रस्त्यावर उतरले. दोन दिवसांच्या गोळीबारांत पाच जणांनी प्राण दिले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्या रक्ताने मिळाले आहे. त्याची आठवण ठेवण्यास राजशिष्टाचारात जागा नव्हती.

या योगायोगात एक प्रश्न दडलेला आहे. राष्ट्राच्या नावाने जे उभे राहते त्याचे श्रेय कोणाला मिळते आणि किंमत कोण मोजतो? माझगाव डॉकचे एक आवार न्हावा येथे, याच भूमीवर आहे. म्हणून नवी मुंबईच्या नागरिकाला हा प्रश्न परका नाही.

स्वदेशी युद्धनौका हा गेल्या दहा वर्षांतील चमत्कार असल्याचा प्रचार चालतो. वस्तुस्थिती निराळी आहे. माझगाव डॉक १९६० साली सरकारने ताब्यात घेतले. ब्रिटिश आराखड्यावरील पहिली ‘निलगिरी’ तेथे बांधली गेली आणि १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली. आजची ‘निलगिरी’ तिचेच नाव पुढे चालवते. १९८३ साली ‘गोदावरी’ आली. तिची रचना नौदलाच्या स्वतःच्या अभिकल्पकांनी केली होती. खाजगी भांडवलाने या कामात तेव्हा फारसा रस घेतला नव्हता, कारण नफा दूर होता आणि चिकाटी दीर्घ हवी होती. ती चिकाटी सार्वजनिक क्षेत्राने दाखविली.

तरीही भाबडेपणाने टाळ्या वाजविण्याचे कारण नाही. ‘निलगिरी’च्या वर्गातील नौका पाऊणशे टक्के स्वदेशी असल्याचे सांगितले जाते. युद्धनौकेची तीन कामे असतात: तरंगणे, चालणे आणि लढणे. तरंगण्यापुरता देश जवळजवळ स्वावलंबी झाला आहे. परदेशी पोलाद वेळेवर मिळेना तेव्हा संरक्षण संशोधन संस्था आणि सरकारी पोलाद कारखान्यांनी ते येथे तयार केले. चालण्याची गोष्ट मात्र वेगळी. ‘सुरत’ची वायुचक्की युक्रेनची, ‘निलगिरी’ची मूळ अमेरिकन रचनेची, आणि ‘वाघशीर’चा सारा आराखडाच फ्रेंच. २०२२ साली युक्रेनच्या मिकोलाइव शहरावर बॉम्ब पडू लागले तेव्हा भारतीय विनाशिकांच्या हृदयाचे ठोके कोठे घडतात, हे दिल्लीला नव्याने समजले. टक्केवारी पैशांत मोजली जाते. परावलंबन मात्र नेमक्या उरलेल्या पाव हिश्श्यात दबा धरून बसते.

याहून कडू धडा पाणबुड्यांचा आहे. १९८१ साली पश्चिम जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन कील येथे आणि दोन माझगावात बांधावयाच्या होत्या. भारतीय कारागीर कीलला जाऊन पाणबुडीच्या जाड कवचाचे वेल्डिंग शिकून आले. हे काम पुस्तकातून येत नाही. सांध्यात केसाएवढी चीर राहिली तर समुद्राचा दाब ती शोधून काढतो. १९८७ मध्ये या व्यवहारातील दलालीचे प्रकरण उघड झाले, विश्वनाथ प्रताप सिंग यांनी संरक्षणमंत्रिपद सोडले आणि पुढील पाणबुड्यांचा विषय गुंडाळला गेला. भ्रष्टाचाराविरुद्धचा तो आवाज योग्यच होता, आणि समाजवादी त्यात मागे नव्हते. परंतु शिक्षा कोणाला झाली? दलाल मोकळे राहिले. हातचे काम गेले ते वेल्डरचे. ‘शल्की’ १९९२ मध्ये आणि ‘शंकुल’ १९९४ मध्ये दाखल झाली, आणि बांधणीची शेड रिकामी पडली. पुढची ‘कलवरी’ यायला २०१७ साल उजाडले. तेवीस वर्षे! एवढ्या काळात शिकलेले हात निवृत्त झाले, विखुरले. कारागिरी गोदामात साठवून ठेवता येत नाही, हे नियोजनकारांना कळले नाही, की कळूनही त्याची फिकीर वाटली नाही?

आज चूक वेगळ्या वेषात येते आहे. २०२० मध्ये माझगाव डॉकचे समभाग बाजारात विकले गेले. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने आणखी हिस्सा विकला. समभागाचा भाव चढला की मंत्री संतुष्ट. त्याच कंपनीच्या जाहिराती मात्र वेल्डर, फिटर, पाइपफिटर यांना ठरावीक मुदतीच्या कराराने बोलावतात. मुदत संपली की पुन्हा उमेदवारी. ज्या हुन्नराचा तुटवडा देशाने तेवीस वर्षे भोगला, तो तीन-तीन वर्षांच्या तुकड्यांत विकत घ्यावयाचा, याला नियोजन म्हणणे धाडसाचे ठरेल. न्हावा-उरणच्या भूमिपुत्रांना या कामांत स्थान द्यावयाचे असेल, तर कायम उमेदवारी शिक्षण आणि कायम नोकरी हवी. कंत्राटदाराच्या हजेरीपुस्तकातून तज्ज्ञ घडत नाहीत.

आशेचे एक उदाहरण पारसिकच्या डोंगरापलीकडे आहे. पाणबुडीला दीर्घकाळ पाण्याखाली राहता यावे म्हणून हवेशिवाय वीज निर्माण करणारी इंधनघट यंत्रणा अंबरनाथ येथील नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने विकसित केली. सहाही ‘कलवरी’ पाणबुड्या तिच्याविना समुद्रात उतरल्या. ती बसविण्याचा करार माझगाव डॉकशी झाला तो ३० डिसेंबर २०२४ रोजी. उशीर झाला, पण यंत्र येथले आहे, आणि ते बसविणारे हातही येथलेच असतील.

दरम्यान २०२५ मध्ये आणखी सहा पाणबुड्यांसाठी जर्मन कंपनीशी वाटाघाटी सुरू झाल्या. भागीदार माझगाव डॉक. जर्मन गोदी कीलचीच, एचडीडब्ल्यूची वारस. चाळीस वर्षांपूर्वी त्याच दारातून शिकून आलेले भारतीय वेल्डर आता निवृत्त झाले आहेत, आणि नव्या मुलांना पुन्हा पहिल्या सांध्यापासून सुरुवात करावी लागणार आहे.