‘ल’ कुणाच्या वळणाचा?

देवनागरीतला ‘ल’ युनिकोडमध्ये एकाच क्रमांकावर बसतो : ०९३२. हिंदी, मराठी, नेपाळी, कोकणी, सगळ्यांचा ‘ल’ तोच. मराठी डोळ्याला मात्र सवय आहे ती पाकळीच्या ‘ल’ची आणि देठाच्या ‘श’ची, महाराष्ट्र शासनाच्या १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयानंही हीच रूपं प्रमाण मानली. हिंदीतला ‘ल’ दंडाला टेकलेला असतो. संगणक क्रमांक साठवतो, रूप नव्हे. रूप देतो फॉन्ट, आणि अनेक फॉन्टांपैकी कोणी पुढं यायचं हे ठरवायला मध्ये एक व्यवस्था असते. तिच्याबद्दल सीमाभागातल्या बेळगुंदीत बोलायला हवं, कारण इथल्या मराठीची अडचण या व्यवस्थेत पुण्यातल्या मराठीहून निराळी होते.

लिनक्समध्ये हे काम फॉन्टकॉन्फिग करतं. फॉन्टच्या पॅकेजसोबत बहुधा नियमांची एक छोटी फाइल येते. तिच्या नावाआधी आकडा असतो आणि त्या क्रमानं नियम वाचले जातात. या क्रमाचा मोठा गोंधळ चिनी-जपानीत झाला. युनिकोडनं दोन्हींच्या चित्राक्षरांना बव्हंशी समाईक क्रमांक दिले, पण ‘सरळ’ या अर्थाचं अक्षर दोन्हीकडे वेगवेगळं काढतात. चिनी फॉन्ट बांधणाऱ्यानं लहान आकडा घेतला आणि ‘चिनी मजकुरापुरता’ ही अट घातली नाही, की जपानी वाचकाच्या पडद्यावर चिनी वळण उमटतं. बांधणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याच्या स्वतःच्या यंत्रावर सगळं ठीकच दिसतं, म्हणून चूक त्याला सापडत नाही. माझं म्हणणं असं की फॉन्टची अट भाषेशी बांधावी. लिपीशी नको, आणि माणूस राहतो त्या प्रांताशी तर मुळीच नको.

प्रांत का नको, ते इथं स्पष्ट दिसतं. पुण्यात यंत्राची भाषाच मराठी ठेवली तर बरंचसं काम भागतं. नोटो सान्स देवनागरी आणि लोहित देवनागरी या फॉन्टांच्या पोटात मराठी रूपं भरलेली आहेत. मजकूर मराठी आहे असं कळलं की ती बाहेर येतात. सीमाभागात यंत्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असू शकतं. कन्नडची लिपी वेगळी, तेव्हा तिच्याशी टक्कर होतच नाही. पण देवनागरी मजकूर उघडला की तो कोणत्या भाषेचा याचा सुगावा यंत्राला नसतो, आणि फॉन्टचं मूळ रूप पुढं येतं. या दोन्ही फॉन्टांत ते हिंदी वळणाचं आहे. म्हणून खूण मजकुरावरच हवी : वेबपानावर ‘एमआर’ ही भाषाखूण, लिबरऑफिसमध्ये परिच्छेदाची भाषा मराठी.

कोणी म्हणेल, दोन्ही ‘ल’ वाचता येतात, मग अडलं काय? मोठ्यांचं अडत नाही. पाटीवर एक वळण गिरवून पडद्यावर दुसरं पाहणाऱ्या पहिलीच्या पोराचं अडतं. मग मराठी ‘ल’ला स्वतंत्र क्रमांकच का देऊ नये? तसं केलं तर ‘लता’ हे नाव हिंदीत टाइप करून शोधणाऱ्याला मराठी नोंद सापडणार नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत अर्थच बदलतो, तिथं ‘ऱ’ला ०९३१ हा वेगळा क्रमांक कामी येतो, ‘ल’मध्ये बदलतं ते वळण. आणि वळणं प्रवास करतातच. अ, झ, ण यांची मुंबई वळणाची रूपं हिंदीनं घेतली, पण समजून-उमजून घेतली. कुणाच्या फाइलचा आकडा लहान होता म्हणून नव्हे.

राहिला एक आक्षेप, आणि आपल्या भागात तो मनापासून येतो : मराठी रूपच साऱ्या देवनागरीसाठी पहिलं का ठेवू नये? ते मला मान्य नाही. इथून कोणी मराठी फॉन्टचं पॅकेज बांधलं, तर त्यातही ‘मराठी मजकुरापुरता’ ही अट असली पाहिजे. तो फॉन्ट उद्या पाटण्यातल्या यंत्रावर बसेल, आणि तिथल्या पहिलीच्या मुलाच्या पुस्तकात ‘ल’ दंडाला टेकलेला आहे.