थांबलेल्या तासांचा हिशेब

कंत्राटदार मित्रहो, आणि विशेषतः मागच्या रांगांत बसलेल्या मुकादमांनो,

अध्यक्षपदाचा मान दिलात, आता थेट साइटवर येतो.

चाकणला एका मोठ्या कंपनीच्या कारखान्यात आमचं फाउंडेशनचं काम चालू होतं. एका रात्री राफ्टचं काँक्रीट ठरलं. सळई बांधून झालेली, कव्हर ब्लॉक तपासलेले, पंप लागलेला. पोअर कार्डावर कंपनीच्या इंजिनिअरची सही तेवढी बाकी, आणि साहेब मीटिंगमध्ये. गेटवर तीन ट्रान्झिट मिक्सर ड्रम फिरवत उभे. तयार काँक्रीट गाडीत भरल्यापासून २ तासांत उतरवावं, असं भारतीय मानक सांगतं. सही झाली तोवर पहिल्या गाडीचे २ तास उलटले होते. ती गाडी साहेबांनी परत पाठवली. काँक्रीटच्या दृष्टीने ते योग्यच होतं. पण तिचे पैसे आमच्या बिलातून कापले गेले. माझी २२ माणसं गमबूट घालून सळईच्या ढिगावर बसून होती. पहाटे काम उरकलं, आणि सकाळच्या सेफ्टीच्या टूलबॉक्स टॉकला गँग गैरहजर म्हणून दंडाची पावती हातात आली.

सेफ्टीच्या कडकपणाबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. हार्नेसमुळे जीव वाचलेली माणसं या सभागृहात बसली आहेत. माझं दुखणं वेगळं आहे. आपल्या मेजरमेंट शीटमध्ये लांबी, रुंदी, उंची असे रकाने असतात. थांबण्याला रकाना नाही. गेटपाससाठी सकाळचे तीन तास गेले, सुधारित ड्रॉइंग येईपर्यंत सेंटरिंगवाले आठवडाभर बसून राहिले, बांधलेली भिंत साहेबांच्या भेटीनंतर पाडावी लागली, यातलं काही मोजलं जात नाही. मुकादमाला मात्र हजेरी भरावीच लागते. कंपनीकडून उशीर झाला तर मुदत तीच राहते, आपल्याकडून झाला तर दर आठवड्याला दंड.

पैशांचंही तसंच. रनिंग अकाउंटचं (आरए) बिल दिलं की त्यावरचा १८ टक्के जीएसटी पुढच्या महिन्यात भरायचा, पेमेंट येवो न येवो. वर रिटेन्शन अडकलेलं. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात ४५ दिवसांची मुदत आहे, त्यापुढे चक्रवाढ व्याज आहे. पण आपली कामं वर्क्स कॉन्ट्रॅक्टची, आणि ती या संरक्षणाबाहेर असल्याचे निकाल उच्च न्यायालयांनी दिलेले आहेत. हे कलम आपल्याला स्पष्ट शब्दांत लागू व्हावं, ही मागणी आपण सरकारकडे लावून धरलीच पाहिजे.

आता मागच्या रांगांसाठी. बिल अडकलं की आधी हप्त्याची खर्ची कमी होते. झारखंडचा सेंटरिंगवाला असो की नांदेडचा बिगारी, बाजाराच्या दिवशी हजाराऐवजी पाचशे हातात पडले, तर तेल आणि डाळ यांतलं एकच घरी जातं. गावी पाठवायचे पैसे राहून जातात. ही माणसं बोलत नाहीत. एखाद्या रात्री ट्रंक उचलून दुसऱ्या साइटवर निघून जातात, आणि आपण म्हणतो लेबर टिकत नाही. यात दोष आपलाही आहे, हे मी या खुर्चीवरून सांगतो. कंपनीशी भांडायचं धाडस होत नाही, म्हणून आपण ओझं खाली सरकवतो.

सरकारी कामांवर हिंड्रन्स रजिस्टर असतं. काम कुठल्या तारखेला, कशामुळे अडलं, किती वेळ अडलं, ते त्यात लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या होतात. खाजगी कामांत ते आपण मागतच नाही, पुढचं काम जाईल या भीतीने. यापुढे करारावर सही करण्याआधीच ते मागायचं. साहेब सही देत नसतील तर त्याच संध्याकाळी नोंद ईमेलने पाठवायची. आणि थांबलेल्या तासांची मजुरी बिलात वेगळी ओळ म्हणून लावायची, कापली गेली तरी पुढच्या बिलात पुन्हा लावायची.

याचाच ठराव दुपारच्या सत्रात मी स्वतः मांडणार आहे. मसुदा तुमच्या खुर्च्यांवर ठेवला आहे. मुकादमांनी जेवणाआधी तो वाचावा, आणि जिथे चुकलं असेल तिथे पेनाने खोडून माझ्याकडे आणून द्यावा.